तीस दिवसांत एक पौर्णिमा येतेच

लांडग्यांबद्दल लोक दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतात. एक, ते चंद्राकडे बघून ओरडतात. दोन, ते जन्मात एकदाच जोडी करतात आणि जोडीदार गेला की झुरून मरतात. दोन्ही खोटं. लांडगा ओरडतो ते आपल्या कळपातल्यांना हाक द्यायला, चंद्र असो नसो. आणि जोडीदार मेला तर पुष्कळ लांडगे काही काळाने दुसरी जोडी करतात, प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे कधीचं लिहून ठेवलंय. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना मात्र ते दाखवलं तर म्हणतात, ते जनावरांचं झालं, आपण घरंदाज.

मी इंदूरचा. घर रामबागेत, नोकरी सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात. कढईतलं तेल उतरलंय का, बेसनात जुना माल मिसळलाय का, लवंग खरी आहे की अर्क काढून घेतलेली, हे वासावरून सांगणं हे माझं काम. सेवेचा घाण झाऱ्यावर यायच्या आधी मी सांगू शकतो की हा परत येणार. कारखान्यात सगळे म्हणतात, काकांचं नाक अनुभवाने तयार झालंय. ते आईवडिलांकडून आलंय. पौर्णिमेच्या रात्री मी लांडगा होतो. सिनेमात वेअरवुल्फ म्हणतात ते. आमच्या घरात त्याला पालट म्हणतात. तो रक्तातून येतो, चावल्याने कोणाला काही होत नाही. म्हणजे चावल्याने जे होतं तेवढंच होतं, टाके पडतात.

हे लिहायला बसलो कारण आमच्यातले दोघेतिघे विधुर हल्ली खोदून खोदून विचारतात: माणसाशी लग्न जमलं कसं, सांगितलं कधी, कागद कोणते लागले. प्रत्येकाला फोनवर किती वेळ सांगणार.

माझी बायको आमच्यातलीच होती, बऱ्हाणपूरची. एप्रिल २०२१ मध्ये गेली. त्या दिवसांत शहरात बेड मिळत नव्हते, हे सगळ्यांनीच पाहिलंय. आम्हाला मिळाला असता तरी नेता आलं नसतं. २७ तारखेला चैत्री पौर्णिमा होती. त्या रात्री वॉर्डात, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क बांधलेला असताना तिला पालट आला असता तर? घरीच ठेवली. पौर्णिमेची रात्र तिने काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण ‘घर’ लिहिलंय. तो दाखला पुढे कामाला येणार होता, पण तेव्हा मी तो तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवून दिला.

माळावर आम्ही दोघं पांगलो की हाळी द्यायचो. एकाने द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची, मग पुन्हा आपापल्या वाटेने. तिच्यानंतर मी हाळी दिलीच नाही. रात्रभर तोंड मिटून फिरायचं, पहाटे कपडे शोधायचे, महूच्या स्टँडजवळ पोहे खाऊन कामावर जायचं. मुलगी पुण्याला नोकरीला. तिचा पालट तिकडेच, तिच्या सोयीने. पौर्णिमा झाली की ‘झाली का व्यवस्थित’ असा एक फोन. हे असंच चाललं असतं.

मधे हुकुमचंद मिल आली. माझे वडील तिथे साच्यावर होते. मिल बंद पडून तीस वर्षं होऊन गेली तरी कामगारांची देणी कोर्टात अडकलेली, आणि त्यातले बरेच कामगार वाट बघतच गेले, वडीलही. २५ डिसेंबर २०२३ ला मोठा कार्यक्रम होऊन २२४ कोटी रुपयांची देणी द्यायचं जाहीर झालं. पंतप्रधान पडद्यावर, कामगार मांडवात. वारस म्हणून मीही गेलो होतो, पण लवकर उठलो, कारण दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा होती. वारसांचे कागद करायला आमच्याच भागातल्या टॅक्सवाल्या बाईंकडे जा, असं कोणीतरी सांगितलं. गल्लीत त्यांना सगळे असंच म्हणतात. मीही इथे ‘बाई’च लिहितो, नाव छापायला त्यांची परवानगी नाही.

बाई तेव्हा सत्तेचाळीसच्या. लग्न केलेलं नव्हतं. आईचं दुखणं काढण्यात वर्षं गेली, मग आईही गेली. घरात एक मांजर, एक जुनी मारुती, आणि दोरीने बांधलेल्या फाइली. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग मिलच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. बाईंनी प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि सहीला बोलावलं. मी म्हटलं, त्या दिवशी जमणार नाही. पुढची तारीख दिली, तीही जमली नाही. असं काही वेळा झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“२४ फेब्रुवारी नाही. २४ मार्च नाही. २३ एप्रिल नाही. पौर्णिमेला तुम्ही जाता कुठे? दत्ताचं आहे का काही? गाणगापूरची वारी?”

आमच्यातले सगळे हेच उत्तर देतात, इतकं सोयीचं आहे ते. पौर्णिमेची वारी म्हटलं की मराठी माणूस पुढे काही विचारत नाही, उलट पाया पडतो. मीही हो म्हणालो. बाईंनी वारीला प्रसादासाठी एकशे एक रुपये दिले. ते पैसे माझ्या खिशात दोन महिने टोचत होते, मग गल्लीतल्या दत्ताच्या पेटीत टाकले.

कागद झाले, पैसे मिळाले, तरी मी जातच राहिलो. कधी नवीन सेवेची पुडी घेऊन, कधी रिटर्नच्या निमित्ताने. मला शेतीबिती काही नाही, पगार एकच; माझं रिटर्न पंधरा मिनिटांचं. त्याला आम्ही पावसाळाभर पुरवलं. त्याच पावसाळ्यात उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलं मारली. रोज टीव्हीवर तेच. बाई म्हणाल्या, “कसली भयंकर जात!” मी चहा पीत होतो, पीत राहिलो. त्या महिन्यांत आमच्यातला कोणीच माणसापाशी तोंड उघडण्याच्या मनःस्थितीत नव्हता. मेलेली पोरं खरी होती, त्यावर काय बोलणार. आणि ‘सगळे तसे नसतात’ हे वाक्य किती पोकळ असतं, हे आपण माणसांच्या तोंडून रोजच ऐकतो.

सांगितलं ते थंडीत, सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आमच्या सराफा बाजारात. विधुरांना माझा पहिला सल्ला हाच: घरात सांगू नका, देवळात तर नकोच. सराफ्यात रात्री अकरा वाजता सांगा. इतका गोंगाट असतो की शेजारच्यालाही कळत नाही आणि समोरच्याला ओरडून विचारावं लागतं, त्यामुळे प्रश्न थोडेच येतात. गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, सीझन होता. जिरावण मसाला घातलेला गरम गराडू बाईंच्या तोंडात असताना मी सांगितलं. त्यांनी आधी तो संपवला.

“कुत्रा की कोल्हा?”

“लांडगा.”

“दर पौर्णिमेला?”

“दर.”

बाई थोडा वेळ कढईकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोणी दुसऱ्याने सांगितलं असतं तर पागल म्हणाले असते. पण तारखा जुळतात.” तेवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. आयुष्यभर लोकांचे हिशोब बघितलेली बाई. तिला चेहरा बघून काही कळत नाही, तारखा बघून कळतं. नंतर त्यांनी जुनं कालनिर्णय काढून वर्षभराच्या माझ्या गैरहजेऱ्या ताडून बघितल्या, हेही मला मागाहून कळलं. एक जुळली नव्हती. त्या दिवशी मला खरंच ताप होता.

लग्नाचं कोणी काढलं ते आठवत नाही. मी काढलं असं त्या म्हणतात. उन्हाळ्यात एवढं ठरलं होतं की करायचं, आणि रजिस्टर करायचं. भटजी नकोत असं बाईंचंच म्हणणं. मुहूर्त काढायचा म्हणजे चंद्रबळ बघणार, आणि माझं चंद्रबळ बघण्यासारखं नाही.

स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट १९५४ चा. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेलं असावं, मॅरेज ऑफिसरकडे लेखी नोटीस द्यायची, ती बोर्डावर लागते, आणि तीस दिवसांत कोणाला आक्षेप असेल तर त्याने घ्यायचा. आक्षेपही मनाला येईल तो नाही चालत, कलम ४ च्या अटींवरच घेता येतो: पहिला जोडीदार जिवंत आहे का, वय बसतं का, नातं निषिद्ध आहे का, मानसिक स्थिती कशी आहे. आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदार घेऊन जायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

मला ते तीस दिवस म्हणजे नुसती कटकट वाटत होती. बाईंनी कॅल्क्युलेटर ओढला. “पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस. म्हणजे तीस दिवसांच्या नोटिशीत एक पौर्णिमा येतेच, टळत नाही. ती मला बघायची आहे. बघून झाल्यावर सही. आक्षेप घ्यायचा तर मीसुद्धा घेऊ शकते ना?”

आणि ती पौर्णिमा कोणती असावी, हेही त्यांनीच ठरवलं. त्याला कारण मी आधी एकदा बोलता बोलता सांगितलेली गोष्ट. खग्रास चंद्रग्रहणात, चंद्र पूर्ण झाकलेला असेपर्यंत, आमचा पालट उतरतो. ढगांनी उतरत नाही, पावसाने उतरत नाही, पृथ्वीची सावली पूर्ण पडली की मात्र उतरतो. २७ जुलै २०१८ च्या गुरुपौर्णिमेला या शतकातलं सगळ्यांत लांब खग्रास ग्रहण होतं, १०३ मिनिटांचं. त्या रात्री मी आणि बायको मानपूरच्या बाजूला मामांच्या मळ्यात बांधावर बसलो होतो, एका चादरीत दोघं, आणि त्यातला बराच वेळ गॅसचं सिलिंडर कोणी बुक करायचं होतं यावरून भांडलो. हे ऐकून बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी पुढचं खग्रास कधी ते शोधलं: ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. खग्रास स्थिती रात्री ११ वाजून १ मिनिटाने सुरू, १२ वाजून २३ मिनिटांनी संपणार. ८२ मिनिटं. “आधी बघीन, मग विचारायचं ते तेव्हाच विचारीन,” म्हणाल्या.

म्हणून नोटीस ऑगस्टच्या उत्तरार्धात दिली.

कागदांचं थोडक्यात: वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, प्रतिज्ञापत्रं, आणि विधुर असाल तर पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला. मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर भागत नाही. फोटोचं एक सांगून ठेवतो. फोटोवाल्याने फ्लॅश मारला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, “काका, आँखें चमक रही हैं, हरी-हरी।” कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा जो पडदा असतो, तो आम्हाला बाकीच्या दिवसांतही थोडा राहतो. फ्लॅशशिवाय काढायला सांगा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणा.

आणि कलम ४. त्यात ‘वेडाचे वारंवार झटके’ येणारा माणूस लग्नाला अपात्र आहे. मी पेन खाली ठेवलं. दर महिन्याला, ठरल्या तिथीला, रात्रभर मी माणूस नसतो. याहून वारंवार काय असतं? खोटं प्रतिज्ञापत्र मला करायचं नव्हतं. बाईंनी कलम दोनदा वाचलं. “वेड लागतं का तेव्हा?” म्हटलं, नाही, लांडग्याची अक्कल असते, पूर्ण असते. “मग हा झटका कुठे आला? करा सही.” जाता जाता त्यांनी वन्यजीव कायदाही वाचून काढला. लांडगा १९७२ च्या कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मला उगीचच बरं वाटलं.

नोटीस बोर्डावर लागली तसे आक्षेप आले. कचेरीत नाही, घरी. आमच्याकडून देवासच्या मामांचा फोन: “माणसाशी? अरे, माणसं वाईट नसतात, पण त्यांचा भरवसा काय? उद्या भांडण झालं आणि मोबाइलवर काढून टाकलं तर?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, त्यांना केसांचं सांगितलंस का?” दोन ऋतूंत आमचे केस गळतात, सोफ्यावर थर बसतो. तिची आई हयात असताना त्यावरून रोज बोलायची. बाईंच्या नागपूरच्या थोरल्या भावाचाही आक्षेप होता. त्यांना लांडग्याचं काही सांगितलेलं नाही. मी माणूस आहे की नाही याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, नमकीनच्या कारखान्यातल्या पगाराबद्दल होती.

गणपती झाले. ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघत शहर जागलेलं. दुसऱ्या दिवशी रविवार, दुपारपर्यंत सगळं सामसूम, रस्ते मात्र धुतल्यासारखे स्वच्छ. आमच्या नगर निगमचं ते एक मानावं लागतं. आम्ही चारच्या सुमारास निघालो. महू सोडलं की मानपूरकडे माळ लागतो. लांडगा दाट जंगलातला नव्हे, उघड्या माळाचा प्राणी. सिमरोलच्या बाजूला पूर्वी जात असू, पण आयआयटी आली, खंडवा रोड रुंद होऊ लागला, आता तिथे बिबट्यालाच जागा पुरत नाही. जानापावचा डोंगर चांगला, पण कार्तिकी पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. त्या महिन्यात चुकूनही जाऊ नका.

पालट कसा येतो ते लिहीत नाही. बघण्यासारखं नसतं. बाई गाडीत, काचा चार बोटं खाली. त्यांची जुनी शाल मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपत होतो, कारण पालटानंतर नावं, नाती, चेहरे काही उरत नाही, वास तेवढा उरतो. बाईंना स्टँपपॅडच्या शाईचा, डिंकाचा आणि बोरोलीनचा वास येतो. त्यांनी नंतर सांगितलं ते असं: मी गाडीला एक फेरी घातली, चाकापाशी थांबलो, आणि सोयाबीनमध्ये निघून गेलो. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मी लहान निघालो. आपल्याकडचा लांडगा वीसेक किलोचा, पाय काटकुळे. “फोटोतले ते बर्फातले लांडगे डोक्यात होते हो,” म्हणाल्या. थोडा अपमानच झाला.

अकराला चंद्र विटकरी झाला आणि मी बांधाजवळ माणूस होऊन पडलो. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, केसांत गोखरू. बाई टॉर्च जमिनीकडे धरून आल्या, पंचा आणि बंडी पुढे केली आणि पाठ करून उभ्या राहिल्या. मग थर्मास. ग्रहणात काही खायचं नाही, दुपारपासून वेध लागलेले. आईच्या हयातीत त्यांनी ते कधी मोडलं नव्हतं. डबा उघडून म्हणाल्या, “तुम्ही इतका वेळ पळून राहिले, खा.” पुऱ्या होत्या.

प्रश्न त्यांनी खरंच लिहून आणले होते. कधी कोणाला चावलात का? लहानपणी, मामेभावाला, तोही तेव्हा लांडगाच होता. मांजराचं काय? पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी घरी येणार नाही, बाकी मांजर ठरवेल. म्हातारपणी काय होतं? पालट हलका होत जातो, आजोबा शेवटी नुसते रात्रभर खोकायचे. मी आजारी पडले आणि पौर्णिमा असली तर? या प्रश्नावर मला वेळ लागला. तो दाखला, ते ‘घर’, तिथपर्यंत सगळं सांगावं लागलं. बाईंनी टॉर्च बंद केली. मग म्हणाल्या, “शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवू.” आणि कागदावर लिहून घेतलं.

शेवटचा प्रश्न कागदावर नव्हता. “वटपौर्णिमा करायच्या का त्या?”

करायची. सकाळी लवकर वडाला फेऱ्या मारून, दुपारी आम्ही माळावर निघायचो.

“म्हणजे सात जन्म त्यांच्याकडे आहेत. ठीक. मी त्यात पडत नाही. मला हे इथलं चालेल.”

सवाबाराच्या पुढे बाईंनी घड्याळ बघितलं, डबा आवरला, बंडी परत मागून घेतली आणि गाडीत जाऊन काच वर केली. पुढचं मला वासापुरतं आठवतं आणि एक आवाज. मी बऱ्याच लांब, ओढ्यापलीकडे होतो. कशी कोण जाणे, तोंडातून हाळी गेली. चार वर्षांत पहिल्यांदा. ओ कोण देणार? तेवढ्यात माळाच्या त्या टोकावरून मारुतीचा हॉर्न वाजला. एकदा, लांब. मी पुन्हा दिली, हॉर्न पुन्हा वाजला. पहाटेपर्यंत आमचं हे चाललं. मळ्याचा राखणदार सकाळी म्हणाला, रात्री कोण्या शहरवाल्याची गाडी फसली होती वाटतं, अगदी बोंबलत होती.

त्याच आठ दिवसांत पितृपक्ष. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोसाठी अविधवा नवमी, ती १५ सप्टेंबरला आली. सवाष्ण म्हणून शेजारच्या काकू जेवायला. बाई म्हणाल्या, “मी येऊ का, की ते बरं दिसत नाही?” म्हटलं या. त्यांनी वडे तळले, आमसुलाची चटणी वाटली. खीर मी केली, कारण बायकोच्या हातची चव मला नाकाने आठवते आणि वेलची कुठे थांबवायची हे दुसऱ्याला सांगता येत नाही. गच्चीवर पान ठेवताना मला धाकधूक होती की आज कावळा अडून बसणार, आणि काकू त्याचा अर्थ लावणार. पण लांडग्यांच्या मागे कावळे पूर्वापार असतात, शिकारीतलं उरलंसुरलं मिळतं म्हणून. आमच्या घरी तो कधीच ताटकळत ठेवत नाही. माझा हात पानावरून निघायच्या आत त्याने वडा उचलला. काकू म्हणाल्या, “बघ, खूश आहे ती.” काकूंना काय कळतं त्यातलं, पण मला ते ऐकायला हवं होतं.

महिना भरला, लेखी आक्षेप कोणाचाच नव्हता, पण पक्षात लग्न नको म्हणून घटस्थापनेपर्यंत थांबलो. जोडवी घ्यायला पुन्हा सराफ्यात, या वेळी दिवसा. चांदी आम्हाला चालत नाही, अंगावर चट्टे उठतात. पहिली बायको जर्मन सिल्व्हरची घालायची; त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नावालाही नसते. बाई म्हणाल्या, मग मलाही तीच. दुकानदाराने आमच्याकडे कीव येऊन बघितलं. किलोला लाखाच्या वर भाव गेलेला, त्याला वाटलं परवडत नाही. “हल्की वाली दे दूँ, चाचाजी? किश्त हो जाएगी।” बाई म्हणाल्या, “नकली ही चाहिए भैया, बिल पक्का देना।”

नवरात्रातल्या एका कामाच्या दिवशी कचेरीत लग्न लागलं. साक्षीदार तीन: कारखान्यातला माझा जोडीदार कारागीर, काकू, आणि पुण्याहून आलेली मुलगी. कायद्यात दोघांनी एकमेकांना म्हणायचं एक वाक्य आहे, कळेल त्या भाषेत म्हटलं तरी चालतं. आम्ही मराठीत म्हटलं. माझा आवाज चिरकला आणि मुलीने एकदम खाली बघितलं, हसू आवरायला. तो आवाज माणसाचा नव्हता हे तिथे तिलाच कळलं. बाईंनाही कळलं असावं.

कोजागरी ६ ऑक्टोबरची. मसाल्याचं दूध बाईंनी दुसऱ्या दिवशी रात्री केलं, शेजाऱ्यांना सांगितलं की आमच्याकडे प्रतिपदेची पद्धत आहे. मांजर दिवाळीपर्यंत फ्रिजवर राहायला होतं. आता खाली उतरतं, पण माझ्याकडे पाठ करून बसतं. केसांसाठी मशीन घेतलंय.

यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मेपासून. म्हणजे वर्षात एक पौर्णिमा जास्त. बाईंनी जानेवारीतच तेवढं पेट्रोल हिशोबात धरलं. आणि अधिक महिना म्हटल्यावर जावयाला वाण आलंच. नागपूरच्या भावाचा फोन होता, आता त्यांचा पगाराचा मुद्दा मागे पडलाय. तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन पाठवतो म्हणाले. बाईंनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दादा, तांब्याचं पाठव. ह्यांना चांदीचा सोस नाही. आणि अनारसे जरा जास्तच पाठव, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ह्यांना भूक फार लागते.”